खूर रोज उचलून बघा

पावसाळा सुरू झाला की खुरांच्या तक्रारींची पत्रं वाढतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक खुरांचीच आहेत, म्हणून हा सगळा अंक त्यांनाच देतो. आमच्या घरात नालबंदी आजोबांपासून चालत आली. मी आधी पुण्याच्या रेसच्या तबेल्यांत काम केलं आणि नंतर वाई, पाचगणी, महाबळेश्वर, भोर या पट्ट्यात गावोगाव फिरून. वाचकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माथेरानला माझे दोन घोडे आहेत. पावसात पर्यटक कमी, त्यामुळे घोडे बराच वेळ ठाणावर बांधलेले असतात. एकाच्या मागच्या दोन्ही खुरांना घाण वास येतो, तळव्यातून काळं पाणी निघतं. अजून लंगडत नाही, पण दगडावर पाय पडला की दचकतो. नालबंद खालून येतो, तो दीड-दोन महिन्यांनी. तोवर मी काय करू? शेजारी म्हणतात जळकं ऑइल ओत.

आधी ते जळकं ऑइल बाजूला ठेवा. खुरात जी कीड, म्हणजे जंतू, लागली आहे ती हवा नसलेल्या जागेत वाढते. वरून तेलाचा थर बसला की घाण आतच कोंडते आणि कीड आणखी खोल शिरते. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी हेही नको. त्यांनी आतलं जिवंत मांस भाजतं.

तुमच्या वर्णनावरून पुतळी सडायला लागलेली दिसते. तळव्याच्या मागच्या अर्ध्या भागात जो त्रिकोणी उंचवटा असतो ती पुतळी. निरोगी असेल तर अंगठ्याने दाबल्यावर रबरासारखी दबते आणि पुन्हा वर येते. घोडा पाय टेकवतो तेव्हा तिच्यावर भार येतो, टाच किंचित फाकते आणि बसणारा हिसका वर सांध्यांपर्यंत जायच्या आत कमी होतो. या पुतळीच्या दोन्ही बाजूंना एकेक खाच असते आणि मधोमध एक. ओली लीद, मूत आणि चिखल त्या खाचांत दिवस-दिवस अडकून राहिला की हा रोग होतो. मागच्या पायांना जास्त होतो, कारण लीद आणि मूत तिथेच पडतं. घोडा पिछाडी लावून बांधलेला असेल तर त्याला बाजूला सरकायलाही जागा नसते.

रोज संध्याकाळी, घोडा ठाणावर आल्यावर, चारही पाय उचला. त्याच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभे राहा. हात खांद्यापासून खाली फिरवत न्या, म्हणजे तो दचकत नाही. खूर साफ करायच्या आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे घाण काढा, उलट्या दिशेने नाही. उलटा ओढला तर आकड्याचं टोक पुतळीत घुसतं. नंतर ताठ ब्रशने स्वच्छ पाण्यात धुवा आणि जुन्या सुती फडक्याने पूर्ण कोरडं करा. बरेच जण धुतात आणि औषध लावतात, मधला कोरडं करायचा भाग गाळतात, आणि मग औषधाने गुण नाही म्हणतात. कोरडं झाल्यावर मेडिकलमध्ये मिळणारं पोव्हिडोन आयोडीन कापसाला लावून तो कापूस मधल्या खाचेत हलकेच बसवा. दुसऱ्या दिवशी काढून टाका, नवा बसवा. मोरचूद जुन्या लोकांचं औषध आहे आणि ते कीड मारतं, पण उघड्या मांसावर पडलं तर जाळतं. म्हणून ते नालबंदाने किंवा डॉक्टरांनी तपासल्यावरच, त्यांच्या सांगण्याप्रमाणे.

पुतळीच्या लोंबणाऱ्या चिंध्या तुम्ही स्वतः सुरीने कापू नका. किती मेलेलं आणि किती जिवंत, हे बघायला हाताला सवय लागते. नालबंदाला फोन करून सांगा की या वेळी नाल बदलायच्या आधी पुतळी साफ करायची आहे. ते ऐकून तो दोन दिवस आधी येईल, असा माझा अनुभव आहे. कापूस घालताना घोडा जोरात पाय ओढत असेल, खाच टाचेच्या केसांपर्यंत चिरलेली असेल किंवा पाय वर सुजला असेल, तर नालबंदाची वाट न बघता पशुवैद्यकांना बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का तेही विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि खुरातली जखम ही त्याची नेहमीची वाट आहे.

आता ठाणाबद्दल, कारण खरा इलाज तिथे आहे. ठाण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. खाली दगड, वर मुरूम, आणि मागच्या बाजूला उतार, म्हणजे मूत वाहून जाईल. लीद दिवसातून दोनदा तरी उचला. माथेरानच्या पावसात सगळं कोरडं राहणार नाही हे मी जाणतो. पण दिवसातले सात-आठ तास जरी खूर कोरड्या जागेवर राहिला तरी फरक पडतो.

आणखी एक. पावसात खूर फुगतो, उघडीप पडली की आक्रसतो, आणि या फुगण्या-आक्रसण्यात खिळ्यांची भोकं सैल होतात. तुमच्याकडची लाल माती आणि बारीक खडे नालेच्या आणि तळव्याच्या मधे जाऊन बसतात. रोज पाय उचलाल तेव्हा नाल हाताने हलवून बघा आणि खुराच्या बाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं वर उठली आहेत का ते बोट फिरवून बघा. अर्धवट निघालेल्या नालेवर घोडा एक फेरीसुद्धा चालवू नका. अशी नाल काढायची कशी, हे प्रत्येक घोडेवाल्याला यायलाच हवं. आधी वळवलेली टोकं सरळ करायची किंवा कानसेने घासून टाकायची. मग पकड टाचेच्या टोकाशी घालून, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, आतल्या दिशेला दाबत पुढे यायचं. थेट पुढून खेचली तर खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, तुटते आणि पुढच्या वेळी नालबंदाला खिळा मारायला जागाच उरत नाही. पुढच्या खेपेला त्याला समोर उभं राहून हे शिकवायला सांगा.

क्ले पेव्हरच्या, म्हणजे मातीच्या विटा बसवलेल्या, रस्त्यांवर घोडे घसरतात ही माथेरानच्या घोडेवाल्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर सपाट झिजलेली नाल फार धोक्याची. पावसाळ्यात खाच असलेली नाल मागा आणि खिळ्यांची डोकी झिजून नालेच्या पातळीला आली की सहा आठवडे पुरे व्हायची वाट पाहू नका.

प्रश्न : मागच्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. मुलगी शेतातच, मातीवर, रोज अर्धा तास फिरवते. नाल मारायची का? विकणाऱ्याने सांगितला तोच खुराक चालू आहे : बाजरी, हरभरा, गूळ. हल्ली उभी असताना पुढचे पाय पुढे टाकून उभी राहते आणि वळायला कुरकुर करते. खुरावर आडव्या रेघाही दिसतात. (शिरूर तालुका)

नालेचं नंतर बोलू. हे पत्र माझ्या हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, पण इथे इतरांसाठी पुन्हा लिहितो. पुढचे पाय पुढे, भार मागच्या पायांवर, वळताना त्रास : अशी लक्षणं दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवायचे.

खुराच्या कठीण भिंतीच्या आत हाड असतं. भिंत आणि हाड यांना शेकडो बारीक पापुद्रे एकमेकांत गुंतून धरून ठेवतात. सगळ्या घोड्याचं वजन त्या पापुद्र्यांवर तोललेलं असतं. धान्य आणि गूळ पोटात जास्त गेला की आतड्यात बिघाड होतो आणि त्याचा फटका या पापुद्र्यांना बसतो. ते सुजतात. कठीण भिंतीच्या आत सुजायला जागा नसल्याने वेदना भयंकर होतात. पापुद्रे सुटले तर हाड आत फिरतं किंवा खाली सरकतं, आणि मग घोडी आयुष्यभराची अधू होते. डॉक्टर येईपर्यंत धान्य आणि गूळ पूर्ण बंद, फक्त वाळलेलं गवत आणि पाणी. खाली भुशाचा किंवा वाळूचा जाड थर द्या. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर खूर बर्फाच्या पाण्यात ठेवल्याने उपयोग होतो. आणि तिला चालवू नका. फिरवली की मोकळी होईल असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

घरच्या घरी तपासायचं असेल तर खुरावर तळहात ठेवा. चारही खुरांत एखादा किंवा दोन खूर सतत गरम लागतात का? मग खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना, बोटांनी नाडी शोधा. एरवी ती शोधून सापडत नाही. तिथे जोरात ठोका लागला तर खुरात काहीतरी बिनसलं आहे. घोडी बरी असताना ही नाडी हाताला ओळखीची करून ठेवा.

आडव्या रेघा खुराच्या जुन्या दिवसांची नोंद असते. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. केसांच्या रेषेपासून निघालेलं शिंग, म्हणजे खुराचा कठीण भाग, पुढच्या टोकाला जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणून आज जी रेघ खुराच्या मध्यावर आहे ती पाच-सहा महिन्यांपूर्वीच्या दुखण्याची किंवा खुराकातल्या बदलाची. रेघांमधलं अंतर टाचेकडे जास्त आणि पुढे कमी असेल, तर तो याच रोगाचा माग. यात्रेत उभी करण्याआधी जनावर भरदार दिसावं म्हणून खुराक वाढवणारे असतात. घोडी विकत घेताना तोंड उघडून दात बघतो तसे चारही पाय उचलून बघा आणि रेघा बघा.

आता नाल. मऊ मातीवर अर्धा तास फिरणाऱ्या घोडीला नाल लागत नाही. पण नाल नाही म्हणजे नालबंद नाही, असा अर्थ काढू नका. बिननालेचा खूरही सहा ते आठ आठवड्यांनी तासावा लागतो, नाहीतर पुढचं टोक लांबतं, टाच खचते आणि मागच्या शिरेवर ताण येतो. तुमच्या घोडीला तर आता डॉक्टर आणि नालबंद दोघंही एकाच वेळी हवेत. एक्स-रेमध्ये हाड कुठे आहे ते पाहूनच तासणी ठरवावी लागेल. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही, डॉक्टरांना तिथे विचारायला सांगा.

प्रश्न : नाल मारल्याच्या दुसऱ्या दिवशी घोडा पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. नालबंद म्हणतो पाय मुरगळला असेल. नालबंद बदलू का? (कराड)

नाल मारल्यावर एक ते तीन दिवसांत लंगडणं सुरू झालं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत दोष खिळ्याचा धरायचा. खूर खालून पाहिला की भिंत आणि तळवा यांच्या मधे एक पिवळसर पांढरी रेघ दिसते. खिळा त्या रेघेवर किंवा तिच्या बाहेर शिरायला हवा आणि नालेच्या वर दीड-दोन सेंटिमीटरवर बाहेर निघायला हवा. रेघेच्या आत गेला तर तो जिवंत भागात टोचतो. टोचला नाही, पण फार जवळून गेला, तर आत दाब पडतो आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं.

लहान हातोडीने प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर हलकेच ठोका. ज्या खिळ्याला घोडा पाय ओढेल तो खिळा. तो एकटा उपसायचा. ओला, काळा किंवा रक्ताळलेला निघाला तर सगळी नाल काढा, डॉक्टरांना बोलवा, भोक आयोडीनने धुवून घ्या. पू झाला असेल तर त्याला खालून वाट द्यावी लागते, आणि कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून खूर रोज शेकावा लागतो. त्या भोकात पुन्हा खिळा नको. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

बदलायचा का? खूर पातळ असेल, घोडा पाय ओढत असेल, तर चांगल्या कारागिराचा खिळाही कधी जवळून जातो. मी नालबंद पारखतो तो पुढे काय करतो त्यावरून. निरोप मिळाल्यावर तो आला, खिळे ठोकून पाहिले, दोषी खिळा काढला आणि पैसे न मागता पुन्हा बघायला आला, तर त्याला सोडू नका. हात न लावता मुरगळलं म्हणून सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

एवीतेवी विचारलंच आहे तर चांगल्या नालबंदाच्या खुणा सांगतो. वाकण्याआधी तो घोडा चालवून बघतो, समोरून आणि मागून. खूर आणि त्याच्या वरचा पायाचा तिरका भाग एका रेषेत येतो का ते बाजूला उभा राहून बघतो. नाल खुराप्रमाणे वाकवतो. बाजारात तीन-चार मापांची तयार नाल मिळते, ती तशीच ठोकून बाहेर आलेला खूर कानसेने घासून टाकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. असं केलेला पाय पहिल्या दिवशी फार सुबक दिसतो, मालक खूश होतो, आणि दोन-तीन खेपांत भिंत इतकी पातळ होते की खिळा धरत नाही. तळवाही तो जपून तासतो, बोटाने दाबला तर दबेल इतका पातळ करत नाही. आणि खिळा मारताना तो बोलत नाही. घट्ट शिंगात शिरणाऱ्या खिळ्याचा आवाज वेगळा असतो, मऊ भागात शिरला की तो आवाज बदलतो, आणि हात तिथेच थांबायला हवा. म्हणून नालबंदी चालू असताना त्याच्याशी गप्पा मारू नका आणि घोडा धरणाऱ्या पोराला मोबाइल खिशात ठेवायला सांगा.

प्रश्न : आम्ही फलटणकडचे धनगर. दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तांडा, कोकणात जातो. बिऱ्हाड घोड्यांवर असतं, घोड्यांना नाल नाही. या वर्षी डांबरी रस्ता जास्त चालावा लागला आणि एका घोड्याच्या खुराला खालून वर उभी चीर पडली. वाटेत नालबंद कुठून आणू? बाबांनी विचारायला सांगितलं आहे.

ताई, बाबांना माझा नमस्कार सांग. तुमची भीमथडी घोडी चिवट असतात आणि त्यांचे खूरही कठीण. पण डांबर सगळ्यांनाच झिजवतं.

चीर खालून सुरू झाली असेल आणि केसांच्या रेषेपासून लांब असेल तर घाबरू नका. खुराचं टोक लांब वाढलं की जमिनीवर प्रत्येक पावलाला ते उचकटलं जातं आणि चीर वर चढते. एक चांगली कानस सामानात ठेवा. चीर जिथे जमिनीला टेकते तिथला खूर थोडा घासून वर उचला, म्हणजे त्या जागी भार येणार नाही. सगळ्या कडेला कानस फिरवून धार गोल करा. हे दर पंधरा दिवसांनी केलं तर नव्या चिरा पडायच्या थांबतात. चीर केसांपर्यंत पोचली असेल, तिच्यातून रक्त किंवा पू येत असेल, किंवा चालताना ती उघडझाप करताना दिसत असेल, तर त्या घोड्यावरचं ओझं लगेच उतरवा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. निघायच्या आधी, दिवाळीत, सगळ्या घोड्यांचे खूर एकदा नालबंदाकडून तासून घ्या. डांबरावर रोज मैलोनमैल जायचं असेल तर निदान पुढच्या पायांना नाल मारावी असं माझं मत आहे.

प्रश्न : शनीच्या त्रासासाठी काळ्या घोड्याची वापरलेली नाल हवी आहे. ती आपोआप निघालेली असावी असं सांगितलं आहे. कुठे मिळेल?

तुमच्या श्रद्धेला माझा विरोध नाही. पण शनिवारी रस्त्यात घोडेवाल्याला जास्त पैसे देऊन पायातली नाल उपसून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात खुराची भिंत फुटते आणि घोडा कित्येक दिवस दुखऱ्या पायाने चालतो. दर दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक घोड्याची जुनी नाल निघतेच. कुठल्याही नालबंदाच्या पोत्यात ती पडलेली असते. तिथून घ्या.

प्रश्न : मी बारावी झालो आहे. घरी घोडे आहेत. नालबंदी शिकायची आहे, पण घरचे म्हणतात यात आता काय ठेवलंय. कुठे शिकता येईल?

बाळा, तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. वाई ते महाबळेश्वर या पट्ट्यात मला ओळखीचे जे नालबंद आहेत ते सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत, आणि घोडे काही कमी झालेले नाहीत. लग्नाच्या वराती, थंड हवेची ठिकाणं, रायडिंग क्लब, हौसेने मारवाडी-काठियावाडी पाळणारे शेतकरी, सगळ्यांना माणूस हवा आहे. कामाला तोटा नाही.

सैन्याच्या पशुवैद्यक दलाचं मेरठला प्रशिक्षण केंद्र आहे, भरती झालास तर तिथे हे काम शिस्तीत शिकवतात. दुसरी वाट रेसच्या तबेल्यांची. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा पावसाळ्यात, त्यामुळे काम वर्षभर चालू असतं. रेसच्या घोड्याची नाल तीन-चार आठवड्यांनी बदलते आणि शर्यतीला हलकी ॲल्युमिनियमची लागते. इतके पाय रोज हाताखालून जातात की डोळा लवकर तयार होतो. तिसरी वाट, एखाद्या चांगल्या नालबंदाच्या मागे पिशवी घेऊन फिरायचं. मी तसाच शिकलो.

पहिले काही महिने तुला कोणी खिळा हातात देणार नाही. पाय धरायला, साफ करायला आणि जुनी नाल काढायला लावतील. तेवढ्यात घोड्याचा स्वभाव कळतो आणि लाथ कधी येणार ते अंगाला समजायला लागतं. घरचे घोडे आहेत तर आजपासून रोज त्यांचे खूर साफ कर आणि प्रत्येक पायाचा महिन्याला एक फोटो काढून ठेव. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून पाय मांडीत धरायची सवय आत्ताच लाव, कारण या धंद्यात माणसं कंबरेने हरतात. दिवाळीनंतर पाचगणीला माझ्याकडे ये. येताना चामड्याचे बंद बूट घाल, चप्पल चालणार नाही.